निर्धूर चुलीची निगा : काजळी, राख आणि निखारा

बुलढाणा जिल्ह्याचे निसर्गानेच दोन भाग केले आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील चिखली, मेहकर, लोणारकडील प्रदेश हा घाटावरचा, तर पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोदकडील काळ्या जमिनीचा प्रदेश हा घाटाखालचा. शेतातील पिकांप्रमाणे घरातील जळणही ठरत जाते. कापसाचा शेवटचा वेचा संपला की पऱ्हाट्या उपटून घराकडे आणल्या जातात. तुरीच्या हंगामानंतर तुराट्या येतात. बाभळीच्या फांद्या आणि गोवऱ्या यांची तर बारमाही सोबत असते. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे गॅसची शेगडी खेड्यापाड्यांतील असंख्य घरांत पोहोचली, हे खरे. परंतु शेगडी आली म्हणून चूल गेली असे झालेले नाही. आंघोळीचे पाणी तापविणे, भाकरी भाजणे, सणावाराचा मोठा स्वयंपाक करणे ही कामे अजूनही बऱ्याच घरी लाकडावरच होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे देशात सुमारे ५९ टक्के आढळली. उरलेल्या कुटुंबांचा मुख्य आधार लाकूड, गोवऱ्या व काडीकचरा हाच होता.

चूल जोवर पेटते आहे, तोवर ती सुरक्षितपणे पेटावी, हा या लेखाचा विषय आहे. त्यातही धुराडे असलेल्या सुधारित चुलीचा, म्हणजे ज्या चुलीला आपण निर्धूर चूल म्हणतो तिचा, येथे मुख्यत्वे विचार केला आहे. या चुलीविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. ती एकदा बसविली की घरातील धूर कायमचा गेला, असे मानले जाते. वस्तुस्थिती अशी की ती ज्या दिवशी पेटते त्याच दिवसापासून तिच्यात काजळी साचू लागते आणि काजळी काढली नाही तर काही महिन्यांतच ती साध्या चुलीइतकीच धुराची होते.

चूल बसली, निगा राहिली

निर्धूर चुलीचा विचार विदर्भाला नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम चालत असे. तेथे तयार झालेली ‘मगन चूल’ धूर नळीवाटे घराबाहेर काढीत असे. हैदराबाद येथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी याच दिशेने प्रयोग केले आणि १९५३ साली ‘स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे १९८३ च्या अखेरीस केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. साध्या चुलीत लाकडातील उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो असे तेव्हा धरले जाई. म्हणून पक्क्या बसविलेल्या सुधारित चुलीने किमान २० टक्के आणि उचलून नेता येणाऱ्या धातूच्या चुलीने किमान २५ टक्के उष्णता उपयोगात आणावी, अशी अट या कार्यक्रमात होती. २००२ मध्ये केंद्राचा हा कार्यक्रम थांबला तोपर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसविल्याची नोंद झाली होती. महाराष्ट्रात ‘लक्ष्मी’ ही दोन तोंडांची, धुराड्याची चूल याच काळात खेडोपाडी गेली.

बसविलेल्या चुलींची संख्या मोजली गेली. त्यांतील किती धुराडी पुढच्या वर्षी साफ झाली, याचा हिशेब मात्र कोणत्याही तक्त्यात सहसा सापडत नाही. उद्दिष्ट पूर्ण झाल्याचा अहवाल पाठविण्याची जी घाई आपल्या कार्यालयांतून असते, तिचेच हे फळ होय.

निगेवाचून काय होते याचा पडताळा ओडिशातील एका मोठ्या अभ्यासात मिळाला. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी तेथील ग्रामीण कुटुंबांना दिलेल्या सुधारित चुलींची चार वर्षे पाहणी केली. २०१६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की पहिल्या वर्षी श्वासावाटे शरीरात जाणारा धूर कमी झाला, पण दुसऱ्या वर्षापासून हा फरक उरला नाही. आरोग्यातही सुधारणा दिसली नाही. प्रयोगशाळेत हीच चूल कसोटीला उतरली होती. घरात मात्र ती नियमित व योग्य रीतीने वापरली गेली नाही, तिची दुरुस्ती झाली नाही आणि हळूहळू तिचा वापरही घटला. चुलीच्या धुराचा प्रश्न किरकोळ नाही. घरातील इंधनाच्या प्रदूषणामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

काजळी का साचते?

लाकूड पूर्ण जळाले तर मागे थोडी पांढरी राख उरते आणि धूर जवळजवळ दिसत नाही. जळण ओले असले किंवा हवा कमी पडली म्हणजे ज्वलन अर्धवट राहते. न जळलेला कोळशाचा सूक्ष्म अंश आणि डांबरासारखी चिकट वाफ धुराबरोबर वर चढते. धुराड्याची नळी वरच्या बाजूस थंड असते. तेथे ही वाफ गोठते, तिच्यावर काजळी चिकटते आणि थरावर थर चढत जातात. हिवाळ्यात नळी अधिक थंड असल्याने थरही लवकर धरतो.

धुराडे धूर ओढते ते आतील तापलेली हवा बाहेरच्या हवेपेक्षा हलकी असल्यामुळे. या ओढीला वाट मोकळी हवी. ती किती झपाट्याने अरुंद होते, हे शिक्षकांनी सातवी-आठवीच्या वर्गात फळ्यावर मांडून पाहावे. नळीचा आतील व्यास १० सेंटिमीटर आहे आणि आत सर्व बाजूंनी एक सेंटिमीटर काजळी धरली, तर उरलेला व्यास ८ सेंटिमीटर होतो. व्यास पाचव्या हिश्शाने घटला, असे वरवर वाटते. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढले की कळते की धुराची वाट १०० वरून ६४ वर आली, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक बंद झाली. साडेसात सेंटिमीटरच्या नळीत तेवढ्याच थराने जवळजवळ निम्मी वाट बुजते. उरलेला धूर मग चुलीच्या तोंडातून घरात येतो. स्वयंपाक करणारी स्त्री म्हणते, चूल बिघडली. चूल बिघडलेली नसते, तिचा श्वास कोंडलेला असतो.

काजळी स्वतः ज्वलनशील असते. साचलेला थर एखाद्या मोठ्या जाळाने पेटला तर नळी लालभडक होते आणि छपरात आग शिरते. हा धोका पुढे पुन्हा येईल.

रोजचे काम : राख

चुलीच्या निगेतील रोजचे काम राख काढण्याचे. ते पहाटे, चूल पेटविण्यापूर्वी करावे, कारण रात्रीच्या स्वयंपाकानंतर राखेखाली निखारे बराच वेळ जिवंत राहतात. वरून थंड दिसणारी राख आतून पेटती असू शकते. जाळी असलेल्या चुलीत जाळीखालील कप्पा रिकामा करणे अत्यावश्यक आहे. तेथूनच आगीला हवा मिळते. तो भरला की हवा तुटते, ज्वाळा मंदावते व काजळी वाढते.

काढलेली राख कोठे टाकावयाची, हा प्रश्न बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात फार महत्त्वाचा आहे. कापूस वेचून आणल्यानंतर भाव मिळेपर्यंत तो घरातच, कित्येकदा स्वयंपाकाच्या जागेला लागून असलेल्या खोलीत, छतापर्यंत भरलेला असतो. अंगणात सोयाबीनचे कुटार, गोठ्याजवळ कडब्याची गंजी. एक निखारा वाऱ्याने उडाला तर वर्षाची कमाई तासाभरात जाते. म्हणून राख प्लास्टिकच्या घमेल्यात, पोत्यात किंवा कागदी खोक्यात कधीही भरू नये. झाकण असलेला पत्र्याचा डबा अथवा मडके यासाठी वेगळे ठेवावे. राख त्यात झाकून, घरापासून व गंजीपासून दूर, मोकळ्या जमिनीवर किमान एक दिवसभर राहू द्यावी आणि मगच उकिरड्यावर किंवा शेतात टाकावी. एप्रिल-मे महिन्यांत घाटाखाली जो कोरडा तप्त वारा सुटतो, त्या दिवसांत राखेवर पाणी शिंपडून ती ढवळल्याखेरीज बाहेर टाकू नये. पाणी शिंपडावयाचे ते बाहेर काढलेल्या राखेवर. तापलेल्या चुलीत पाणी ओतल्याने वाफेचा भपका तोंडावर येतो आणि चुलीलाही तडे जातात.

थंड राख भांडी घासण्यास, खताच्या खड्ड्यात घालण्यास उत्तम. ती क्षारधर्मी असल्याने ओल्या हाताला व डोळ्यांना मात्र झोंबते.

पंधरवड्याचे व महिन्याचे काम : बोगदा आणि धुराडे

दोन तोंडांच्या चुलीत पुढच्या तोंडातील जाळ एका बोगद्यातून मागच्या तोंडाखाली, म्हणजे वैलाखाली, जातो आणि तेथून धुराड्यात शिरतो. या बोगद्यात उडती राख साचते. दर पंधरा दिवसांनी वैलावरील भांडे उचलून हात जाईल तेथवर हाताने आणि पुढे वाकविलेल्या पळीने राख ओढून घ्यावी. यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही, तरी हेच काम सर्वांत जास्त राहून जाते. वैल तापत नाही अशी तक्रार आली की प्रथम बोगदा पाहावा.

धुराडे महिन्यातून एकदा साफ करावे. पऱ्हाटी, तुराटी किंवा ओलसर लाकूड मुख्यत्वे जळत असेल तर पंधरवड्याने. चूल किमान रात्रभर विझलेली असली पाहिजे. चुलीची दोन्ही तोंडे ओल्या गोणपाटाने झाकावीत, म्हणजे पडणारी काजळी घरभर उडणार नाही. धुराड्याच्या उंचीपेक्षा हातभर लांब असलेल्या सरळ बांबूच्या टोकाला काथ्या किंवा जुन्या चिंध्यांचा घट्ट बोळा बांधावा. तो नळीत दाटून बसेल एवढा असावा, अडकेल एवढा नसावा. बांबू वरून खाली व खालून वर आठ-दहा वेळा फिरवावा. नळीच्या तळाशी साफसफाईचे दार असल्यास ते उघडून खाली पडलेली काजळी काढावी. दार नसल्यास ती वैलाच्या तोंडातून काढावी लागते. शेवटी वरची टोपी काढून पाहावी. टोपी व नळी यांमधील फटीत काजळी दाटते, चिमण्या घरटे करतात आणि पावसाळ्यानंतर पत्रा गंजून खाली बसतो. धुराडे अगदी स्वच्छ असून चूल धुरावते, तेव्हा कारण पुष्कळदा या टोपीत असते.

काम करणाऱ्याने नाकातोंडावर ओले फडके बांधावे, डोक्याला व अंगाला कपडा पुरता असावा, डोळ्यांना चष्मा असल्यास उत्तम. नंतर साबणाने अंग धुवावे. ही काळजी अवास्तव नाही. लंडनमधील शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी झाडणाऱ्यांमध्ये आढळणाऱ्या एका कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. धंद्यातून उद्भवणाऱ्या कर्करोगाचे ते पहिले ठळक निदान मानले जाते. त्या काळी तेथे धुराड्यांत लहान मुले उतरविली जात. आपल्याकडेही अंग चपळ म्हणून मुलांनाच छपरावर चढविण्याची सवय आहे, ती सोडावयास हवी.

छपरावर कोण चढणार?

निगेचा प्रश्न अडतो तो येथे. धुराचा त्रास घरातील स्त्रीला होतो, परंतु धुराड्याचे वरचे टोक छपरावर असते आणि शिडी लावून कवेलूंवर वा पत्र्यांवर चढण्याचे काम पुरुषाचे समजले जाते. ज्याच्या डोळ्यांत धूर जात नाही त्याला ते काम तातडीचे वाटत नाही. सोंगणी-मळणीच्या दिवसांत तर ते आठवतही नाही. म्हणून चुलीच्या प्रात्यक्षिकास केवळ महिलांना बोलावणे ही पद्धत अपुरी आहे. घरातील पुरुषाच्या हातात बांबू देऊन एकदा काजळी काढून घेतली, तर पुढचे समजावून सांगण्याचे कष्ट वाचतात.

ग्रामपंचायतीला यात थोड्या खर्चात बरेच करता येण्यासारखे आहे. एक भक्कम शिडी, दोन-तीन बांबू, काथ्याचे बोळे आणि गोणपाट एवढे साहित्य पंचायतीच्या कार्यालयात ठेवून मागेल त्यास द्यावे. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या तोंडावर मे महिन्यात आणि थंडी सुरू होण्यापूर्वी दिवाळीच्या साफसफाईत, गावातील सर्व धुराडी साफ करून घ्यावीत. गावातील एखाद्या गवंड्याने किंवा बचत गटाने ठराविक मोबदल्यात हे काम पत्करले तर अधिक चांगले. फुकट मिळालेल्या चुलीकडे दुर्लक्ष होते, पण पैसे देऊन करविलेली दुरुस्ती लोक तपासून घेतात.

जुन्या नळ्यांविषयी सावधगिरी

पूर्वीच्या वर्षांत बसविलेल्या पुष्कळ चुलींना अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटच्या नळ्या आहेत. अखंड, न तुटलेली नळी जागेवर असताना विशेष धोका नसतो. ती करवतीने कापली, ठोकून फोडली किंवा कोरडी खरवडली तर तिच्यातील अतिसूक्ष्म तंतू हवेत उडतात व फुप्फुसात रुततात. त्यांतून होणारे रोग अनेक वर्षांनी प्रकट होतात. अशा नळीत तारेचा ब्रश मुळीच घालू नये, ओलसर चिंध्यांचा बोळाच फिरवावा. नळीला तडा गेल्यास ती ओली करून, न फोडता उतरवावी, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळावी आणि तिच्या जागी पत्र्याची किंवा भाजलेल्या मातीची नळी बसवावी. जुन्या नळीचे तुकडे करून वाटेवर भर घालणे अत्यंत घातक आहे. नवी नळी छपरातून जेथे बाहेर पडते तेथे गवत, लाकूड, ताडपत्री तिला टेकलेली नसावी. भोवती पत्र्याची चौकट करून अंतर ठेवावे. नळीचे टोक छपराच्या वर किमान दोन फूट तरी निघावे.

तडे, माती आणि जळण

मातीच्या चुलीला तडे जाणारच. ते दिसताच बुजवावेत, कारण तड्यातून थंड हवा आत शिरते आणि धुराड्याची ओढ कमी होते. येथे माती निवडताना जिल्ह्यात हमखास चूक होते. शेतातील काळी माती सहज मिळते, म्हणून तीच वापरली जाते. ही माती ओली झाली की फुगते व वाळली की आक्रसून फाटते, हा तिचा स्वभाव उन्हाळ्यात भेगाळलेल्या कोणत्याही वावरात दिसतो. चुलीसाठी घरे लिंपण्याची पांढरी माती घ्यावी, तीत बारीक कुटार व शेण मिसळून दोन दिवस भिजत ठेवावी, तडा थोडा रुंद व ओला करून मग ती दाबून भरावी. सावकाश वाळू द्यावी. पहिल्या दिवशी नुसता बारीक जाळ करावा. बाहेरून रोजचा शेणमातीचा पोतारा चुलीला टिकवितो. परंतु पोताऱ्याचे थर चढून चुलीचे तोंड वर्षभरात लहान होते, हे ध्यानात ठेवून मधूनमधून तोंड मूळ मापाचे करावे. ज्याने चूल बांधली त्याच्याकडून तोंडाच्या मापाची एक काडी तोडून घेऊन घरी ठेवणे हा सोपा उपाय आहे.

जळण कोरडे असावे, हे सर्व जाणतात. पऱ्हाटीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. लांबच्या लांब पऱ्हाट्यांची मोळी चुलीच्या तोंडात कोंबली की हवेची वाट बंद होते आणि बाहेरचे टोक पेटत पेटत जमिनीवर येते. त्या हातभर तोडून, थोड्या थोड्या घालाव्यात. पऱ्हाट्यांच्या वाळल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते व पुढच्या हंगामात कपाशीवर उतरते. यास्तव त्यांची गंजी घराशेजारी वा बांधावर वर्षभर साठवू नये, असा कृषी खात्याचा सल्ला आहे. जाळावयाच्या तर उन्हाळ्यातच संपवाव्यात. चूल पेटविण्यासाठी बियाण्यांच्या पिशव्या, टायरचे तुकडे, कीटकनाशकांचे डबे वापरण्याची सवय तर तात्काळ थांबली पाहिजे. त्यांचा धूर विषारी असतो आणि त्यांची काजळी डांबरासारखी चिकटते, बांबूने निघत नाही.

आग आणि अदृश्य वायू

धुराड्यातून घोंघावल्यासारखा आवाज येऊ लागला, टोकातून ठिणग्या उडू लागल्या, तर आतील काजळी पेटली असे समजावे. घरातील माणसे प्रथम बाहेर काढावीत. चुलीतील जळण शक्य असल्यास ओढून पत्र्यावर घ्यावे, चुलीची तोंडे व राखेचे दार पत्र्याने किंवा ओल्या मातीने बंद करावे. हवा तुटली की आग मंदावते. तापलेल्या नळीत पाणी ओतू नये, ती फुटते. पाणी छपरावर, नळीच्या भोवती मारावे. अग्निशमन दलास १०१ वर कळवावे. कोणी भाजल्यास भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा, तूप, शाई, टूथपेस्ट काही लावू नये आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

दुसरा धोका दिसत नाही. अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराडे तुंबलेले आणि थंडीमुळे दारेखिडक्या बंद, अशा खोलीत निखारे ठेवून झोपणे प्राणघातक ठरते. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही लक्षणे घरातील अनेकांना एकाच वेळी जाणवली तर दार उघडून सर्वांनी ताबडतोब बाहेर यावे.

ज्या शाळांतील पोषण आहार अजून लाकडावर शिजतो, त्यांनी आणखी एक दक्षता घ्यावी. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. दोन महिने न पेटलेल्या धुराड्यात पाखरांची घरटी, गांधीलमाश्यांची पोळी, पहिल्या पावसाने गळून पडलेली काजळी हे सर्व असते. शाळा उघडण्याच्या आदल्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी धुराडे साफ करून घ्यावे आणि मग एक साधी परीक्षा करावी. चूल न पेटविता, वैलाच्या तोंडावर झाकण ठेवून, एक कागद पेटवून पुढच्या तोंडात धरावा. ज्योत व धूर आत ओढला गेला तर वाट मोकळी आहे. धूर तोंडातून बाहेर आला तर त्या दिवशी चूल पेटवू नये आणि बांबू पुन्हा एकदा फिरवावा.